डावं-उजवं
पिंपरीतल्या संत तुकाराम नगर मेट्रो स्थानकाचा जिना उतरता उतरता तुम्ही 1955 सालात येऊन पडता. डोक्यावरचा पूल गायब. टेल्को नाही, बजाज नाही, चाकण म्हणजे कांद्याच्या बाजाराचं गाव. समोर मात्र हिंदुस्तान अँटिबायोटिक्सचा नवाकोरा कारखाना. सरकारी; जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफच्या मदतीनं उभा राहिलेला.

आत उंचच उंच पोलादी टाक्या. त्यांत मक्याच्या निवळीचं तपकिरी पाणी, खालून गाळलेल्या हवेचे बुडबुडे. तुम्ही व्हॉल्व्हकडे हात नेता.

“अहो, लांब! बाहेरचा एक जंतू शिरला की अख्खी बॅच गटारात,” पाळीवरचा ऑपरेटर डाफरतो.

काचेतून आत बघा. पेनिसिलीनच्या रेणूत तीन कार्बन असे, की प्रत्येकाची मांडणी डावी किंवा उजवी होऊ शकते. म्हणजे आठ रूपं. बुरशी त्यातलं नेमकं एकच घडवते. माणसांत डावं-उजवं करणाऱ्याला आपण नावं ठेवतो. औषधात ते करावंच लागतं. शरीरातली प्रथिनंही एका बाजूचीच, उजव्या पायाची चप्पल डाव्या पायात कशी बसणार? दोनच वर्षांनी, 1957 मध्ये, अमेरिकेत जॉन शीहान प्रयोगशाळेत पेनिसिलीन बनवतील, नऊ वर्षं खपून. इथली बुरशी पाच-सहा दिवसांत टाकी भरून देते.

(1961 मध्ये याच कारखान्यातल्या संशोधकांना हॅमायसिन हे बुरशीनाशक सापडलं. ज्या जीवाणूपासून ते मिळालं त्याचं नाव स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना. पिंपरी लॅटिनमध्ये गेली ती अशी.)

आता ऐंशीच्या दशकात या. पेनिसिलीनची शेपटी कापून नवी जोडली की अँपिसिलीन होतं. रासायनिक पद्धतीनं कापायचं तर उणे चाळीस अंशांचा गारठा, फॉस्फरस पेंटाक्लोराइड, शिवाय डोकं गरगरवणारी द्रावकं. त्यापेक्षा पेनिसिलीन अ‍ॅसायलेज हे एन्झाइम बरं. पुण्यातल्या पाषाणच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत आणि पिंपरीतही त्यावर काम झालं. मण्यांवर पक्कं बसवलेलं हे एन्झाइम पाण्यात, अंगाइतक्या उबेत, हवा तोच बंध तोडतं. गाळून घ्या, धुवा, पुन्हा कामाला लावा. पेनिसिलीनची शेपटी जोडलेल्या डाव्या-उजव्या अमिनो आम्लांचं मिश्रण दिलं, तर हे एन्झाइम त्यातली एकच बाजू कापतं. दुसरीला हात लावत नाही.

नव्या शेपटीचं मात्र झेंगट. ती साध्या रसायनानं केली की निम्मी डावी, निम्मी उजवी. मग कापरापासून केलेलं आम्ल घालून एकीचे स्फटिक पाडायचे, उरलेली पुन्हा मिसळून फिरून वेगळी करायची. आधी खिचडी शिजवून मग डाळ-तांदूळ निवडण्यातला हा प्रकार. सुरुवातीपासूनच एक बाजू घडवणारे उत्प्रेरक शोधल्याबद्दल नोल्स, नोयोरी आणि शार्पलेस यांना 2001 चं नोबेल मिळालं. 2021 मध्ये लिस्ट आणि मॅकमिलन यांना. लिस्ट यांचा उत्प्रेरक तर प्रोलीन, साधं अमिनो आम्ल. पाषाणमध्येही प्रोलीन वापरून औषधी रेणू घडवले गेले. मला विचाराल तर हे सगळे पिंपरीतल्या त्या बुरशीचेच शिष्य.

जिना चढून परत आजच्या फलाटावर या. दरम्यान चिनी मालाच्या भावापुढे आपल्याकडे ‘पेनिसिलीन जी’ हा पेनिसिलीनचा मूळ प्रकार बनवणं परवडेनासं झालं. जी औषधद्रव्यं पुन्हा देशात तयार व्हावीत म्हणून केंद्र सरकारनं 2020 मध्ये प्रोत्साहन योजना काढली, त्यांच्या यादीत ‘पेनिसिलीन जी’ आहे.