मोठी थ्रॉटल बॉडी बसवली की गाडीची ताकद खरंच वाढते का?

गाड्या मॉडिफाय करण्याच्या रील्समध्ये एक सल्ला हमखास दिसतो. ‘मोठी थ्रॉटल बॉडी टाका आणि पिकअप बघा.’ पार्टचे पैसे वेगळे, लेबर वेगळी. पण बाकी इंजिन कंपनीतून आलं तसंच असेल, तर या खर्चातून ताकद जवळपास वाढत नाही.

थ्रॉटल बॉडी एअर फिल्टर आणि इनटेक मॅनिफोल्डच्या मध्ये असते. तिच्यात बटरफ्लाय नावाची गोल झडप असते. अ‍ॅक्सिलरेटर दाबला की ती उघडते, हवा आत जाते आणि त्या हवेच्या हिशोबाने ईसीयू पेट्रोल सोडतो. जास्त हवा म्हणजे जास्त ताकद, इथपर्यंत रीलवाल्यांचं बरोबर आहे. पण इंजिन किती हवा ओढणार, हे मुख्यतः त्याची सीसी, आरपीएम, व्हॉल्व्ह आणि कॅमशाफ्ट ठरवतात. थ्रॉटल बॉडी नुसतं दार आहे. ते आधीच पुरेसं मोठं असेल, तर आणखी रुंद करून काय मिळणार?

हिशोब करून बघू. १.२ लिटरचं, टर्बो नसलेलं चार-स्ट्रोक इंजिन घ्या. ते दोन फेऱ्यांत एकदा १.२ लिटर हवा ओढतं. ६००० आरपीएमला मिनिटाला ३६०० लिटर. सिलिंडर पूर्ण भरत नाहीत, म्हणून ८५ टक्के धरले तर ३०६० लिटर, म्हणजे सेकंदाला ५१ लिटर. ४५ मिमीच्या थ्रॉटल बॉडीतून ही हवा सेकंदाला साधारण ३२ मीटर वेगाने जाते. एवढ्या वेगाला दाबातली घट एखाद्या टक्क्याच्या आतबाहेर असते. ४५ ऐवजी ५० मिमी घेतली तर दाराचं क्षेत्रफळ २३ टक्क्यांनी वाढतं, पण परत मिळवायला शिल्लक असतो तो हाच एक टक्का.

मग मोठी थ्रॉटल बॉडी बसवल्यावर गाडी चपळ का वाटते? कारण पेडल तेवढंच दाबलं तरी सुरुवातीलाच जास्त हवा आत जाते. पूर्ण पेडल दाबल्यावर मिळणारी ताकद तीच राहते. ट्रॅफिकमध्ये मात्र गाडी झटके द्यायला लागते.

शिवाय हवेच्या वाटेत सगळ्यात अरुंद जागा कुठली, हेही पाहावं लागतं. फॉर्म्युला स्टुडंट स्पर्धांत पेट्रोल इंजिनच्या टर्बो नसलेल्या गाड्यांना थ्रॉटल बॉडी आणि इंजिनच्या मध्ये २० मिमीचा रिस्ट्रिक्टर लावावा लागतो. तिथे थ्रॉटल बॉडी कितीही मोठी घेतली, तरी हवा २० मिमीतूनच जाणार. घरच्या गाडीत हीच गोष्ट मॅनिफोल्डच्या तोंडाची. ते ४५ मिमीचं असेल आणि त्यावर ५५ मिमीची थ्रॉटल बॉडी बसवली, तर जोडावर पायरी तयार होते आणि हवा तिथे आपटते.

साइज बदलायची गरज आहे का, हे ओबीडी स्कॅनरवर तपासता येतं. मॅप सेन्सर असलेल्या गाडीत इंजिन बंद ठेवून इग्निशन ऑन करा आणि मॅनिफोल्डच्या दाबाचा आकडा लिहून ठेवा. मुंबईत तो १०० किलोपास्कलच्या आसपास येईल, पुण्यात उंचीमुळे ९५ च्या जवळ. मग ट्रॅकवर किंवा डायनोवर पूर्ण थ्रॉटल देऊन, वरच्या आरपीएमला तोच आकडा बघा. फरक एक-दोन किलोपास्कलचा असेल तर विषय संपला. पाच-सहाच्या पुढे गेला, तर आधी एअर फिल्टर बदलून पुन्हा मोजा, कारण बऱ्याचदा खरा चोर तोच असतो. फिल्टर नवा असूनही फरक राहिला, किंवा कॅमशाफ्ट बदलले, सिलिंडर हेडचं पोर्टिंग केलं, सीसी वाढवली, तर मोठी थ्रॉटल बॉडी कामाची. तेव्हा ईसीयूचं ट्यूनिंगही करावं लागतं. नाहीतर आयडलिंग वर-खाली होतं आणि चेक इंजिनचा दिवा लागतो.

जुन्या गाडीचा पिकअप नुसता मंदावला असेल, तर आहे तीच थ्रॉटल बॉडी आधी साफ करून घ्या. बटरफ्लायच्या कडेला काजळी साचते. इलेक्ट्रॉनिक थ्रॉटल असेल तर सफाईनंतर बऱ्याच गाड्यांत स्कॅनरने आयडल रीसेट करावं लागतं, ते मेकॅनिकला आधीच विचारून घ्या.