शाळेच्या तिजोरीतले पोलीस

लॉस एंजेलिसच्या सरकारी शाळांचे स्वतःचे पोलीस खाते आहे. शहराच्या पोलिसांहून ते स्वतंत्र. प्रमुख वेगळा, गाड्या वेगळ्या, आणि खर्च निघतो तो शाळांचा कारभार पाहणाऱ्या जिल्हा मंडळाच्या तिजोरीतून. ज्या पैशातून शिक्षक, समुपदेशक, परिचारिका नेमायच्या, त्यातूनच कमरेला पिस्तूल लावलेले अधिकारीही नेमायचे. या खात्याची वाटचाल सांगायची तर आधी ही तिजोरी पाहावी लागते.

सुरुवात 1948 ची, एक सुरक्षा विभाग म्हणून. पुढे तो वाढत वाढत अमेरिकेतले सर्वांत मोठे स्वतंत्र शालेय पोलीस खाते झाला. देशभरचे वारेही त्याच दिशेने वाहत होते. 1999 साली कोलोरॅडोतल्या कोलंबाइन हायस्कूलमध्ये गोळीबार झाला, तेव्हा त्या शाळेला नेमून दिलेला सशस्त्र अधिकारी होता. तरीही 'शाळेत पोलीस हवेत' हाच धडा घेतला गेला. केंद्र सरकारने शाळांत पोलीस नेमण्यासाठी 75 कोटी डॉलरहून अधिक अनुदान वाटले आणि त्यातून साडेसहा हजारांवर अधिकाऱ्यांच्या नेमणुका झाल्या. आईबापांची भीती खरी होती, ती कुणी हसण्यावारी नेऊ नये. पण अशा हल्ल्याचे दिवस विरळाच येतात. एरवी रोज शाळेत असणारा पोलीस करतो काय, याचा हिशेब मात्र फार उशिरा मागितला गेला.

तो शाळेच्या दारातच मिळाला असता. शहरात कायदा होता की शाळेच्या वेळेत मूल रस्त्यावर दिसले तर दंड. बस उशिरा आली, मुलगी पहिला तास गाठायला धावत सुटली, आणि फाटकापाशी तिच्या हातात अडीचशे डॉलरचे तिकीट पडले, असे वर्षानुवर्षे घडत होते. न्यायालयाचे शुल्क जोडले की रक्कम आणखी फुगे. तारखेला आईने किंवा बापाने सोबत जायचे. म्हणजे घरातल्या एकाचा रोजगार बुडाला आणि मुलीची शाळा पुन्हा बुडाली. मुलांनी शाळा बुडवू नये म्हणून केलेल्या कायद्याचे हे फळ! 2009 ते 2011 या तीन वर्षांत शालेय पोलिसांनी मुलांना सुमारे साडेतेहतीस हजार तिकिटे दिली. त्यांतली चाळीस टक्क्यांहून अधिक मुले चौदा वर्षांची किंवा त्याहून लहान होती. गुन्हे कोणते? उशीर, मारामारी, भिंतीवर लिहिणे, जवळ सिगारेट सापडणे. आपल्याकडे हेडमास्तरांच्या खोलीत मिटणारी ही प्रकरणे तिथे न्यायाधीशापुढे जात होती.

'लेबर कम्युनिटी स्ट्रॅटेजी सेंटर' या संघटनेने मुलांना आणि पालकांना घेऊन हा प्रश्न लावून धरला. 2012 च्या फेब्रुवारीत नगरपरिषदेने तो अडीचशेचा दंड काढून टाकला. 2014 च्या ऑगस्टमध्ये खात्याने स्वतःचे धोरण बदलले आणि किरकोळ मारामारी, लहानसहान चोरी अशा प्रकरणांत तिकिटाऐवजी समुपदेशन सुरू केले.

त्याच वर्षी आणखी एक गोष्ट लोकांसमोर आली. लष्कराकडची जास्तीची सामग्री पोलिसांना देण्याच्या केंद्राच्या योजनेतून या शालेय खात्याने 61 एम-16 रायफली, तीन ग्रेनेड लाँचर आणि सुरुंगाला दाद न देणारे एक चिलखती वाहन घेऊन ठेवले होते. हे सगळे शाळांसाठी! ओरड झाल्यावर लाँचर आणि वाहन परत गेले; रायफली परत करायला आणि मंडळाच्या अध्यक्षांनी माफी मागायला 2016 उजाडले. सामान फुकट मिळाले म्हणून ते घेण्याची बुद्धी व्हावी, यातच हे खाते शाळेपासून किती दूर गेले होते ते कळते.

2020 च्या मे महिन्यात मिनियापोलिसमध्ये पोलिसाच्या हातून जॉर्ज फ्लॉइड यांची हत्या झाली आणि लॉस एंजेलिसमधला जुना प्रश्न नव्या जोराने उसळला. खात्याचे वार्षिक अंदाजपत्रक तेव्हा सुमारे सात कोटी डॉलरचे होते. 2014 ते 2017 या काळात शालेय पोलिसांनी केलेल्या अटका, तिकिटे वगैरे कारवायांत कृष्णवर्णीय मुलांचा वाटा पंचवीस टक्के होता, शाळांत मात्र ती नऊ टक्क्यांहूनही कमी. 'स्टुडंट्स डिझर्व्ह' या संघटनेची मुले मंडळाच्या दारात उभी राहिली, शिक्षकांची युनियनही त्यांच्या बाजूने आली. 30 जून रोजी सात सदस्यांच्या मंडळाने चार विरुद्ध तीन मतांनी खात्याचे अडीच कोटी डॉलर कापले. दुसऱ्याच दिवशी पोलीसप्रमुखांनी राजीनामा दिला.

2021 च्या फेब्रुवारीत तपशील ठरला. 133 पदे रद्द झाली, त्यांतली 70 शपथबद्ध अधिकाऱ्यांची. मुलांवर पेपर स्प्रे वापरण्यास बंदी आली. शाळेच्या आवारात कायम बसणारे पोलीस बाहेर गेले. बोलावल्यावर येतील, असे ठरले. वाचलेल्या पैशात भर घालून कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांसाठी 3 कोटी 65 लाख डॉलरची योजना उभी राहिली आणि त्यातून समुपदेशक व शाळेचे वातावरण सांभाळणारे मार्गदर्शक नेमले गेले.

या निर्णयाने सगळे सुखी झाले असे नाही. अनेक पालकांना फाटकावर पोलीस हवा होता आणि त्यांची काळजी खोटी नाही. नव्या योजनेवर वांशिक भेदभावाची तक्रार झाली आणि 2024 मध्ये तिचे निकष बदलावे लागले. पोलीस खाते आजही आहे, पण लहान. टेक्सासने नेमकी उलटी वाट धरली: तिथल्या युवाल्डी गावातल्या शाळेत झालेल्या हत्याकांडानंतर 2023 मध्ये प्रत्येक शाळेत सशस्त्र अधिकारी सक्तीचा केला आणि त्यासाठी तेव्हा शाळेमागे दिले वर्षाला 15 हजार डॉलर, विद्यार्थ्यामागे दहा. एवढ्यात एका अधिकाऱ्याचा पगारही भागत नव्हता. उरलेला खर्च पुन्हा शाळेच्याच तिजोरीतून.

कॅलिफोर्नियात राहणाऱ्या मराठी पालकांना एक सांगणे आहे. तुमच्या शाळा जिल्ह्याचे अंदाजपत्रक दरवर्षी 1 जुलैपूर्वी मंजूर होते आणि त्याआधी जाहीर सुनावणी होते. त्या सुनावणीला जा आणि विचारा: आमच्या मुलांसाठी पोलीस किती आणि समुपदेशक किती?