बाय-रॅड्स

बाय-रॅड्स ही स्तनांच्या प्रतिमा-तपासणीचा अहवाल एका ठरावीक भाषेत लिहिण्याची प्रमाणित पद्धत आहे. ‘ब्रेस्ट इमेजिंग रिपोर्टिंग अँड डेटा सिस्टम’ या इंग्रजी नावाचे हे संक्षिप्त रूप आहे. मॅमोग्राफी, सोनोग्राफी व एमआरआय या तिन्ही तपासण्यांच्या अहवालांत ती वापरली जाते. अहवालाच्या शेवटी ० ते ६ यांपैकी एक श्रेणी लिहिलेली असते. ही श्रेणी कर्करोगाची शक्यता आणि पुढे काय करावे हे सांगते. ती रोगाचे अंतिम निदान नव्हे.

इतिहास

अमेरिकन कॉलेज ऑफ रेडिओलॉजी या संस्थेने ही पद्धत तयार केली. तिची पहिली आवृत्ती १९९३ मध्ये निघाली. तत्पूर्वी प्रत्येक क्ष-किरणतज्ज्ञ आपापल्या शब्दांत अहवाल लिहीत असे, त्यामुळे उपचार करणाऱ्या डॉक्टरांना नेमका अर्थ लावणे कठीण जाई. २००३ च्या चौथ्या आवृत्तीत सोनोग्राफी व एमआरआय यांचा समावेश झाला. पाचवी आवृत्ती २०१३ मध्ये प्रसिद्ध झाली. भारतातही ही पद्धत प्रचलित आहे.

अहवालाची रचना

अहवालात तपासणीचे कारण, जुन्या प्रतिमांशी तुलना, स्तनांची घनता, आढळलेल्या बाबी आणि निष्कर्ष असा क्रम असतो. गाठीची जागा घड्याळाच्या तासांप्रमाणे सांगतात. उजव्या स्तनात ‘१० वाजता’ म्हणजे वरचा, काखेकडील भाग होय. गाठीचा आकार, कडा, कॅल्शियमचे सूक्ष्म कण आणि काखेतील लसिका ग्रंथी यांची नोंद केली जाते. गोल वा लंबगोल आकार व रेखीव कडा बहुधा निरुपद्रवी गाठीच्या असतात. काटेरी, अनियमित कडा संशयास्पद मानल्या जातात.

घनता ए, बी, सी व डी या चार गटांत सांगतात. ए म्हणजे जवळजवळ पूर्णपणे मेदयुक्त, तर डी म्हणजे अत्यंत घन स्तन. घनता हा आजार नाही. तथापि मॅमोग्राममध्ये घन ऊती व गाठ दोन्ही पांढऱ्या दिसत असल्याने सी आणि डी गटांत लहान गाठ झाकली जाऊ शकते. अशा वेळी सोनोग्राफीचा उपयोग होतो.

श्रेणी

श्रेणी ० : माहिती अपुरी. आणखी प्रतिमा, सोनोग्राफी किंवा जुन्या प्रतिमांशी तुलना आवश्यक.
श्रेणी १ : काहीही आढळले नाही. नेहमीची तपासणी चालू ठेवावी.
श्रेणी २ : निश्चितपणे निरुपद्रवी बाब; उदाहरणार्थ, द्रवाने भरलेली साधी गाठ.
श्रेणी ३ : बहुधा निरुपद्रवी. कर्करोगाची शक्यता २ टक्क्यांपेक्षा अधिक नाही. साधारणतः ६ महिन्यांनी पुन्हा तपासणी. दोन ते तीन वर्षे बदल न झाल्यास बाब निरुपद्रवी मानतात.
श्रेणी ४ : संशयास्पद. शक्यता २ टक्क्यांहून अधिक व ९५ टक्क्यांहून कमी. ४ए (१० टक्क्यांपर्यंत), ४बी (५० टक्क्यांपर्यंत) व ४सी (त्याहून अधिक) असे तीन उपगट आहेत. बायॉप्सीचा सल्ला देतात.
श्रेणी ५ : कर्करोगाची दाट शक्यता, ९५ टक्के वा अधिक. बायॉप्सी आवश्यक.
श्रेणी ६ : बायॉप्सीने कर्करोग आधीच सिद्ध झालेला.

सामान्य गैरसमज

श्रेणी ४ आणि कर्करोगाचा चौथा टप्पा यांचा परस्परांशी संबंध नाही. टप्पा हा निदान झाल्यानंतर रोगाचा प्रसार किती झाला हे सांगतो. श्रेणी निदानाच्या आधीची शंका व्यक्त करते. श्रेणी ४ मधील अनेक गाठी बायॉप्सीनंतर निरुपद्रवी ठरतात.

उलटपक्षी, श्रेणी ० म्हणजे ‘काही नाही’ असे समजून पुढील तपासणी टाळणे घातक ठरू शकते. तसेच ‘निगेटिव्ह’ हा शब्द येथे चांगल्या अर्थाने येतो.

मर्यादा

मॅमोग्राममध्ये प्रत्येक कर्करोग दिसतोच असे नाही. हाताला गाठ लागत असेल, स्तनाग्रातून रक्तमिश्रित स्राव येत असेल किंवा त्वचा आत ओढली गेली असेल, तर श्रेणी १ आली तरी डॉक्टरांना दाखवणे आवश्यक असते. तपासणीच्या दिवशी काखेत लावलेली पावडर वा डिओडरंट प्रतिमेत कॅल्शियमच्या कणांसारखे दिसू शकते. जुन्या प्रतिमा जपून ठेवून प्रत्येक वेळी सोबत नेल्यास तुलना करता येते व अनावश्यक तपासण्या टळू शकतात.

हेही पाहा

स्तनाचा कर्करोग
मॅमोग्राफी
बायॉप्सी