टेस्ट ट्यूब बेबीचा उपचार कधी घ्यावा? आधी थोडा इतिहास

"डॉक्टर, गोळ्या झाल्या, इंजेक्शनं झाली. आता टेस्ट ट्यूब बेबीच करावी लागेल का?" कोल्हार, लोणी, बाभळेश्वर भागातल्या जोडप्यांच्या मनात हा प्रश्न असतो, आणि तो विचारताना आवाज खाली येतो. हा उपचार म्हणजे सगळे संपल्यावरची शेवटची पायरी, असा समज घराघरांत आहे. तो कितपत खरा, हे समजण्यासाठी हा उपचार मुळात कशासाठी निघाला ते पाहू.

२५ जुलै १९७८ रोजी इंग्लंडमधल्या ओल्डहॅम गावी लुईस ब्राऊन ही मुलगी जन्मली. तिच्या आईच्या गर्भनलिका बंद होत्या. नऊ वर्षे प्रयत्न करूनही दिवस राहिले नव्हते. स्त्रीबीज आणि शुक्राणूची भेट या नलिकेतच होते. तीच बंद असेल तर कितीही गोळ्या घ्या, भेट होणार कुठे? डॉ. पॅट्रिक स्टेप्टो यांनी पोटात दुर्बीण घालून स्त्रीबीज बाहेर काढले, रॉबर्ट एडवर्ड्स आणि जीन पर्डी यांनी प्रयोगशाळेत गर्भ तयार केला आणि तो गर्भाशयात सोडला. चारी बुजली म्हणून पाइपलाइनने पाणी शेतात आणावे, तसाच हा प्रकार. आय.व्ही.एफ. निघाले ते असे, एका ठरावीक अडथळ्याला वळसा घालण्यासाठी.

जेमतेम ७० दिवसांनी, ३ ऑक्टोबर १९७८ रोजी, कोलकात्यात डॉ. सुभाष मुखर्जी यांच्या प्रयत्नांतून एक मुलगी जन्मली. सरकारी समितीने त्यांच्यावर विश्वास ठेवला नाही. पुढे १९८१ मध्ये त्यांनी आत्महत्या केली.

आपल्या महाराष्ट्रात हा दिवस उजाडला ६ ऑगस्ट १९८६ रोजी. मुंबईत परळच्या के.ई.एम. रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा आणि शास्त्रज्ञ डॉ. टी. सी. आनंद कुमार यांच्या प्रयत्नांनी हर्षाचा जन्म झाला. लक्षात घ्या, हे महापालिकेचे रुग्णालय होते, श्रीमंतांचे पंचतारांकित नव्हे. भारतातले पहिले टेस्ट ट्यूब बाळ म्हणून तिचे नाव झाले. पण पुढे १९९७ मध्ये डॉ. आनंद कुमार यांनी मुखर्जींच्या नोंदी स्वतः तपासल्या आणि पहिला मान त्यांचाच, असे जाहीर सांगितले. स्वतःच्या नावावरचा मान असा दुसऱ्याला देणारी माणसे कोणत्याही क्षेत्रात विरळाच.

एक कोडे मात्र बाकी होते. नलिका उघडी, स्त्रीबीज चांगले, पण पतीचे शुक्राणू फारच कमी. साध्या आय.व्ही.एफ.मध्येही अशा वेळी फलन होत नसे. १९९२ मध्ये ब्रुसेल्सच्या गटाने एकच शुक्राणू बारीक सुईने थेट स्त्रीबीजात सोडून झालेल्या गर्भधारणा जाहीर केल्या. याला इक्सी म्हणतात. (आपल्याकडे अजूनही पत्नीच्या दहा तपासण्या होतात आणि पतीची वीर्यतपासणी सगळ्यांत शेवटी. ती स्वस्त आहे, सोपी आहे. ती आधी करा.)

आता तुमच्या प्रश्नाकडे येऊ. किती वर्षे उपचार झाले हे महत्त्वाचे आहेच, पण त्याआधी अडथळा कुठे आहे ते कळले पाहिजे. एक्स-रे किंवा दुर्बिणीच्या तपासणीत दोन्ही नलिका बंद दिसल्या तर आय.यू.आय. करत राहण्यात अर्थ नाही, कारण त्यासाठी निदान एक नलिका उघडी लागते. आपल्या देशात नलिका खराब होण्याचे एक मोठे कारण जननेंद्रियांचा क्षयरोग. तो असेल तर आधी त्याची औषधे पूर्ण करायची. शुक्राणू अत्यल्प असतील तर इक्सीचा विचार लवकर करावा. अशा जोडप्यांसाठी हा उपचार शेवटचा नसून पहिलाच ठरू शकतो.

उलट, पत्नी पंचविशीची, पी.सी.ओ.डी.मुळे पाळी अनियमित, नलिका मोकळ्या, पतीचा रिपोर्ट चांगला, तर घाई नको. वजन कमी करणे आणि स्त्रीबीज तयार होण्याच्या गोळ्या यांवरच अनेकींना दिवस राहतात. गोळ्यांनी बीज फुटत असूनही सहा महिन्यांत यश नाही, किंवा तीन-चार वेळा आय.यू.आय. फसले, तर मात्र थांबून पुढचा निर्णय घ्यावा. तेच ते सातव्या-आठव्या वेळी करण्यात पैसा जातो आणि त्याहून मोलाचे वय जाते.

वयाचे गणित कडक आहे. पत्नी ३५ च्या आत असेल तर वर्षभर प्रयत्न करून तपासणीला या. ३५ च्या पुढे सहा महिने पुरे. चाळिशी ओलांडली असेल तर वाट पाहूच नका. आय.व्ही.एफ.ने स्त्रीबीजाचे वय मागे जात नाही, आणि एका प्रयत्नात यश येईलच अशी खात्री कोणी देत असेल तर सावध व्हा. २०२१ च्या कायद्यानुसार हे उपचार नोंदणीकृत केंद्रातच करता येतात. स्त्रीसाठी वयोमर्यादा २१ ते ५० आणि पुरुषासाठी २१ ते ५५ आहे.

आणखी एक. डॉक्टर बदलला की नवी फाइल, नव्या तपासण्या, पुन्हा पहिल्यापासून गोळ्या, यात दोन-तीन वर्षे सहज निघून जातात. म्हणून जुने सगळे कागद, नलिकेची एक्स-रे फिल्म, वीर्यतपासणीचे रिपोर्ट आणि कोणत्या महिन्यात कोणती गोळी घेतली याची नोंद एका पिशवीत ठेवा, आणि येताना दोघेही या.