सास्तूरचा भूकंप आणि मनाचे रसायन

30 सप्टेंबर 1993 रोजी पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी झालेल्या भूकंपात तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यातील सास्तूर हे गाव उद्ध्वस्त झाले. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती आणि विसर्जन आटोपून गावे झोपी गेली होती. लातूर व उस्मानाबाद जिल्ह्यांत मिळून सुमारे 8,000 माणसे दगावली, त्याला जमिनीच्या हादऱ्याइतकीच घरांची रचनाही कारणीभूत होती. मातीत रचलेल्या रुंद दगडी भिंती, त्यांवर लाकडी सरांचे माळवद आणि ते गळू नये म्हणून वर्षानुवर्षे चढवलेले पांढऱ्या मातीचे थर, असा सगळा भार झोपलेल्या माणसांवर कोसळला.

ज्या छपराखाली निर्धास्त झोपावे तेच घातकी ठरल्यामुळे वाचलेल्यांच्या वाट्याला वेगळे दुखणे आले. झोप न लागणे, जीव घाबरा होणे, छातीत धडधडणे, कशातच मन न रमणे, अशा तक्रारींना वैद्यकशास्त्र नैराश्य किंवा आघातोत्तर तणाव विकार, म्हणजे भयंकर प्रसंग मनात पुन्हापुन्हा उभा राहण्याचा विकार, या नावांनी ओळखते. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने भूकंपाच्या मानसिक परिणामांचा अभ्यास हाती घेतला, त्याची धुरा पुण्याचे मनोविकारतज्ज्ञ आणि अभिनेते डॉ. मोहन आगाशे यांच्याकडे होती. 1996 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका वेगळ्या प्राथमिक अहवालात, तपासलेल्या भूकंपग्रस्तांपैकी निम्म्याहून अधिक जणांत मानसिक विकार आढळले आणि त्यांत हेच दोन प्रमुख होते.

या विकारांच्या औषधांचा विचार सेरोटोनिनपाशी येतो. आहारातील ट्रिप्टोफॅन या अमिनो आम्लापासून शरीरात तयार होणारे हे द्रव्य बहुतांशी आतड्यात असते, तर मेंदूत ते एका चेतापेशीचा निरोप दुसरीपर्यंत पोहोचवते आणि झोप, भूक, चिंता व मनःस्थिती यांवर प्रभाव टाकते. 1948 मध्ये अमेरिकेत रक्तद्रवातून ते वेगळे करण्यात आले आणि 1953 मध्ये बेटी ट्वारॉग व अर्व्हाइन पेज यांनी ते मेंदूतही असल्याचे दाखवले.

या इतिहासाचा एक धागा महाराष्ट्रातून जातो. मुंबईचे डॉ. रुस्तुम जाल वकील यांनी 1949 मध्ये सर्पगंधेचा उच्च रक्तदाबावरील गुण पाश्चात्त्य वैद्यकापुढे मांडला, त्यानंतर 1952 मध्ये तिच्या मुळांतून रिसर्पिन हे द्रव्य वेगळे झाले आणि 1955 च्या सुमारास ते मेंदूतील सेरोटोनिनचा साठा रिता करते हे दिसून आले. रिसर्पिन घेणारे काही रुग्ण उदास होत असल्याच्या नोंदींमुळे, सेरोटोनिनसारख्या द्रव्यांच्या कमतरतेतून नैराश्य येते, या कल्पनेला बळ मिळाले. पेशीबाहेर आलेले सेरोटोनिन पुन्हा आत ओढले जाऊ नये अशी योजना असलेले फ्लुओक्सेटिन 1987 मध्ये अमेरिकेत मान्य झाले आणि त्या जातीच्या गोळ्या जगभर पसरल्या.

तथापि या गोळ्या सेरोटोनिनच्या वहनावर काही तासांतच परिणाम करतात, मन सावरायला मात्र बहुधा काही आठवडे लागतात. त्यामुळे नैराश्य म्हणजे केवळ एका रसायनाची तूट, हे समीकरण पुरेसे ठरत नाही आणि 2022 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका व्यापक आढाव्यातही त्याला भक्कम पुरावा आढळला नाही. यावरून औषधे निरुपयोगी ठरत नाहीत, कारण गुण कसा येतो याचा उलगडा अपुरा असणे आणि गुणच न येणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

सास्तूर परिसरातील दुखण्याचे मूळ मेंदूतील द्रव्यात शोधण्यापूर्वी कोसळलेल्या माळवदात आणि एका रात्रीत रिकाम्या झालेल्या कुटुंबांत शोधावे लागते. म्हणून अशा आपत्तीनंतर गरजेप्रमाणे औषध, ऐकून घेणारे माणूस आणि निर्धास्त झोपता येईल असे घर, या तिन्ही गोष्टी उपचारातच मोडतात.