पेरणी आणि पैज

देऊळगाव राजाच्या बाजूच्या शेतकऱ्याला जोखीम म्हणजे काय, हे कोणी शिकवावे लागत नाही. कपाशीच्या काही ओळींमागे तो तुरीची एक ओळ टाकतो, एखाद्या तुकड्यात मूग-उडीद घेतो, घरापुरती ज्वारी ठेवतो. पाऊस लवकर आटोपला तर मूग हाती लागतो. उशिरापर्यंत टिकला तर तूर सावरते. सगळा भार एकाच पिकावर टाकायचा नाही, हा त्यातला विचार. शहरातला माणूस दहा कंपन्यांचे शेअर थोडे थोडे घेतो, तोही याच विचाराने.

हल्ली या विचाराचा आधार घेऊन तरुण मंडळींत एक वेगळीच गोष्ट सांगितली जाते. क्रिकेटवर पैसे लावायचे, पण जुगाऱ्यासारखे नव्हे, हिशेबाने लावायचे. जो संघ जिंकणार हे जवळजवळ ठरलेले, त्याच्यावरच लावायचे. सगळी रक्कम एका सामन्यावर न लावता दहा-वीस सामन्यांत वाटायची. मग जोखीम राहतेच किती? म्हणजे ही झाली शेअरबाजारासारखी गुंतवणूक! वाचकहो, हे बोलणे शहाणपणाचे वाटते, म्हणूनच ते हसण्यावारी नेऊन चालत नाही. ते तपासून पाहिले पाहिजे, आणि तपासायला आपल्याजवळ चांगले साधन आहे. ते म्हणजे आपल्याच कापसाचा इतिहास.

पैजेला व्यापाराचा अंगरखा घालण्याची खोड फार जुनी आहे. १८४८ पूर्वी मुंबईचे व्यापारी कलकत्त्याच्या सरकारी अफूच्या लिलावावर सौदे करीत. त्यात अफू घ्यायची नसे की द्यायची नसे. पुढच्या लिलावात सरासरी भाव काय निघेल, एवढ्यावर पैसे लागत. अशा एका सौद्याचे भांडण थेट विलायतेत प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेले आणि जिंकणाऱ्याचा दावा मान्य झाला. अशा पैजा रद्द ठरविणारा कायदाच तोवर इकडे नव्हता! त्याच १८४८ साली सरकारने एकविसावा कायदा केला आणि पैजेचे पैसे कोर्टातून वसूल करण्याची वाट बंद केली.

पुढचा प्रसंग आपल्या अधिक जवळचा आहे. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. दक्षिणेकडच्या संस्थानांचा कापूस अडकला आणि लँकेशायरच्या गिरण्या आपल्या कापसाकडे डोळे लावून बसल्या. भाव कित्येक पटींनी चढला. वऱ्हाड १८५३ पासून इंग्रजांच्या कारभाराखाली आले होते; इथल्या काळ्या जमिनीतला कापूसही मुंबईच्या वाटेला लागला. मुंबईत पैसा इतका आला की तो ठेवायचा कुठे, हा प्रश्न पडला. मग नवनव्या बँका आणि कंपन्या निघाल्या. समुद्र हटवून जमीन करू म्हणणाऱ्या बॅक बे कंपनीचा ५,००० रुपयांचा शेअर ५०,००० रुपयांच्या आसपास विकला गेला. या बाजाराचे सर्वांत मोठे नाव म्हणजे प्रेमचंद रायचंद. मुंबई विद्यापीठाचा राजाबाई टॉवर त्यांच्याच देणगीतून उभा राहिला.

एप्रिल १८६५ मध्ये अमेरिकेतल्या दक्षिणेच्या सेनापतीने शरणागती पत्करली. कापसाचा भाव कोसळला. वायद्याच्या सौद्यांचा चुकारा १ जुलै १८६५ या दिवशी करायचा होता. तो दिवस उजाडला, तेव्हा द्यायला पैसा कोणाजवळच नव्हता. मोठमोठ्या पेढ्या बुडाल्या. जुनी बँक ऑफ बॉम्बेसुद्धा यातून सावरली नाही. १८६८ साली तिचा कारभार गुंडाळावा लागला.

यातली एक गोष्ट नीट लक्षात घ्या. त्या लोकांनीही पैसा वाटून ठेवला होता. थोडा बँकेत, थोडा जमिनीच्या कंपनीत, थोडा जहाजाच्या. परंतु हे सगळे कागद कापसाच्या चढ्या भावाच्या एकाच मेढीवर उभे होते. मेढ निघाली आणि सारे छप्पर खाली आले. पैसा वाटल्याने जोखीम वाटली जातेच असे नाही.

वऱ्हाडात मात्र काय उरले, ते पाहा. भाव पडल्याची झळ शेतकऱ्याला बसलीच. पण शेत जागेवर होते, आणि पुढच्या मृगात पुन्हा पेरता आले. १८७० साली खामगावला रेल्वेचा फाटा आला. १८८६ साली कारंजाला कापसाची नियमित बाजारपेठ सुरू झाली आणि १८९७ साली वऱ्हाडच्या कापूस व धान्य बाजारांसाठी कायदा झाला. मुंबईतही १८७५ साली दलालांनी आपली संघटना बांधली. तिचाच पुढे मुंबई शेअरबाजार झाला. ज्याच्यामागे खरा माल आणि खरे काम होते, ते टिकले.

कायद्यानेही हीच कसोटी धरली. १८७२ च्या करार कायद्याच्या तिसाव्या कलमाने पैजेचा करार रद्दबातल ठरविला. मग वायद्याचा सौदा पैज केव्हा आणि व्यापार केव्हा? कोर्टाने विचारले की माल खरोखर द्यायचा-घ्यायचा हेतू होता का, की दोघांनाही केवळ भावातला फरक हवा होता? नुसता फरकच हवा असेल, तर ती पैज.

याचा पुरावा पुढे मुंबईनेच दिला. न्यूयॉर्कहून कापसाचे उघडते आणि बंद भाव मुंबईला येत आणि त्या आकड्यांवर लोक पैसे लावीत. १९६१ च्या सुमारास ते भाव येणे बंद झाले. खरा व्यापार असता, तर तो तिथेच थांबला असता. पण मडक्यात आकड्यांच्या चिठ्ठ्या टाकून खेळ चालू राहिला! म्हणून त्याचे नाव मटका. कल्याणजी भगत आणि रतन खत्री ही नावे त्या खेळाबरोबर महाराष्ट्रभर पोहोचली. कापूस निघून गेला, तरी लावणाऱ्याला काही उणे वाटले नाही. कारण त्या खेळात कापूस कधी नव्हताच.

आता आजच्या ‘कमी जोखमीच्या’ पैजेकडे येऊ. शिक्षक मंडळींनी हा हिशेब फळ्यावर मांडून दाखवावा. समजा, एक संघ अकरापैकी दहा वेळा जिंकेल इतका बलवान आहे. त्याच्यावर १०० रुपये लावले आणि जिंकल्यावर वर १० रुपये मिळाले, तर दहा सामन्यांत १०० रुपये मिळतील, अकराव्यात १०० जातील. हाती शून्य. पण खाईवाल धर्मादाय करायला बसलेला नसतो. तो १० च्या जागी ८ देतो. आता दहा सामन्यांत ८० मिळाले, अकराव्यात १०० गेले; २० रुपयांची तूट. ११० सामने धरले तर सरासरीने २०० रुपयांची.

इथेच सगळी मेख आहे. एका सामन्यात तो मुलगा कदाचित जिंकेलही. पण पैसा शंभर ठिकाणी वाटला, की नशिबाचा भाग कमी होतो आणि खाईवालाची कापणी तेवढी पक्की होते. तुरीची ओळ शेतकऱ्याला वाचवते, कारण तूर स्वतः पिकते. पैजेच्या शंभर ओळींत एकही दाणा पिकत नाही. हरणाऱ्यांचा पैसा जिंकणाऱ्यांकडे जातो आणि मधला माणूस आपला वाटा काढून घेतो. ज्या रांजणाला भोक आहे, त्यातले पाणी दहा रांजणांत ओतले आणि त्या दहांनाही भोक असले, तर पाणी वाचेल का?

मग शेअरबाजार सगळा निर्दोष, असे मात्र समजू नका. कंपनीचा शेअर घेऊन वर्षानुवर्षे ठेवणारा त्या कंपनीच्या कामात भागीदार होतो. बुडण्याचा धोका त्यालाही आहे, पण त्याचा पैसा कुठेतरी राबत असतो. उलट त्याच बाजारात वायद्याच्या भावांवर रोज उड्या मारणाऱ्यांचे काय होते? सेबीने २०२४ साली पाहणी जाहीर केली. मागच्या तीन आर्थिक वर्षांत वायदे व ऑप्शनमध्ये उतरलेल्या एक कोटीहून अधिक व्यक्तींपैकी ९३ टक्के तोट्यात गेल्या. सरासरी तोटा माणशी सुमारे दोन लाख रुपये. बाजाराची पाटी तीच, पण आत पेरणी करणारा वेगळा आणि पैज लावणारा वेगळा.

पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर संसदेने २०२५ साली कायद्याने बंदी घातली. पण १८४८ पासूनचा अनुभव असा, की एक दार बंद झाले की पैज दुसरे नाव घेऊन दुसऱ्या दाराने येते. कधी अफूचा सौदा, कधी कापसाचा आकडा, आता गुंतवणूक. खेड्यात कापसाचा चुकारा वर्षातून एकदा घरात येतो. त्यातून बियाणे-खत, सोसायटीचे कर्ज, मुलीची फी भागवायची असते. तो पैसा मोबाइलमधून गेला, तर पुढच्या मृगात पेरायला काय उरणार?

तेव्हा घरातल्या तरुणाने अशी योजना पुढे मांडली, तर त्याच्यावर ओरडू नका. त्याला शेजारी बसवा, वरचा अकरा सामन्यांचा हिशेब त्याच्याच हाताने करवून घ्या आणि एवढेच विचारा, “बाबा रे, हा पैसा राबतो कुठे?”