कोकम व मेदोहर वनौषधी

कोकम व मेदोहर वनौषधी : शरीरातील अतिरिक्त मेद उतरविण्याच्या हेतूने घेतली जाणारी वनस्पतिजन्य चूर्णे, काढे, गुटिका व अर्क. सह्याद्रीतील कोकम (गार्सिनिया इंडिका, सं. वृक्षाम्ल) आणि त्याचा मलबारी सगोत्र कुडंपुळी (गार्सिनिया कँबोजिया) यांच्या फळांच्या सालीतील अम्ल या वर्गात विसाव्या शतकाच्या अखेरीस जगभर प्रसिद्धीस आले. करूळ व फोंडा या घाटांनी कोकणाशी जोडलेल्या कोल्हापुरात आमसूल आणि आगळ हे स्वयंपाकघरातील नित्याचे जिन्नस असल्यामुळे, त्याच फळाच्या संहत अर्काविषयीही लोकांच्या मनात विश्वास सहज उत्पन्न होतो. तो कितपत साधार आहे, हे तपासणे म्हणूनच या भागात विशेष अगत्याचे ठरते.

शास्त्रीय परंपरा : चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील एकविसाव्या अध्यायात अतिस्थूल पुरुषाची गणना आठ निंदित देहप्रकारांत केलेली असून त्याच्यासाठी गुडूची, मुस्ता, त्रिफळा, तक्रारिष्ट व मध यांची योजना सांगितली आहे, मात्र त्याच अध्यायात व्यायाम, जागरण आणि यवादी रूक्ष आहार यांचाही उपदेश असल्याने, आहारविहार जसाच्या तसा ठेवून केवळ गुटिकेने स्थौल्य हटेल, या आधुनिक आश्वासनास त्या ग्रंथाचा दाखला देता येत नाही.

गुणधर्म व परिणामकारकता : म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रविज्ञान संशोधन संस्थेतील लुईस आणि नीलकंठन यांनी 1965 साली कुडंपुळीतील मुख्य अम्ल हायड्रॉक्सिसायट्रिक अम्ल असल्याचे दाखवून दिले. पिष्टमय पदार्थांपासून वसाम्ले तयार होण्याच्या क्रियेतील एका एंझाइमाला हे अम्ल अटकाव करते आणि उंदरांमध्ये त्यामुळे मेदनिर्मिती घटते, असे पुढील संशोधनात आढळल्याने त्याच्याविषयी मोठी आशा निर्माण झाली. परंतु नेहमीच्या आहारावर असलेल्या मनुष्याच्या शरीरात साठणारा मेद बहुतांशी अन्नातील स्निग्धांशातूनच येत असून पिष्टापासून नव्याने बनणाऱ्या मेदाचा वाटा अल्प असतो. त्यामुळे ही वाट अडविल्याने होणारा लाभही अल्पच राहतो. 1998 साली अमेरिकेत 135 स्थूल व्यक्तींवर बारा आठवडे झालेल्या चाचणीत दररोज 1,500 मिलिग्रॅम अम्ल घेणाऱ्यांचे वजन सरासरी 3.2 किलोग्रॅमने, तर निष्क्रिय गोळी घेणाऱ्यांचे 4.1 किलोग्रॅमने उतरले. दोन्ही गटांना मिताहार दिलेला होता, आणि वजन उतरण्याचे श्रेय त्या मिताहाराकडेच जाते. अनेक चाचण्यांच्या 2011 सालच्या एकत्रित परीक्षणात अर्काच्या बाजूने सुमारे 0.9 किलोग्रॅमचा फरक दिसला खरा, पण काटेकोर चाचण्या तेवढ्या हिशेबात धरताच तोही निर्णायक उरला नाही. याच वर्गातील गुग्गुळाची कहाणी याहून फारशी निराळी नाही : रक्तातील कोलेस्टेरॉलवरील त्याच्या ख्यातीची 2003 साली अमेरिकेत परीक्षा झाली, तेव्हा अपायकारक मानला जाणारा अंश घटण्याऐवजी किंचित वाढला, आणि काहींच्या अंगावर पुरळ उठले.

सुरक्षितता : आमटीतील दोनचार आमसुले आणि अर्काची कुपी यांत मात्रेचा प्रचंड भेद आहे; पिढ्यानपिढ्यांच्या वापराने मिळालेली निर्धोकपणाची हमी आमसुलापुरती असून अर्काला ती लागू पडत नाही. अमेरिकेतील यकृतविकारांच्या नोंदणीत कुडंपुळीयुक्त पूरकांशी निगडित 22 रुग्णांची माहिती 2022 साली प्रसिद्ध झाली. असा विकार विरळा असला, तरी तो कोणास जडेल हे आधी सांगता येत नाही आणि क्वचित तो प्राणघातक ठरतो. सोनामुखीसारख्या रेचकांनी काट्यावरचे वजन उतरते, परंतु जाते ते पाणी. दीर्घकाळ वापर केल्यास रक्तातील पोटॅशियम घटून हृदयाच्या लयीस बाध येऊ शकतो. वजनगटासाठी वजन उतरविणाऱ्या कोल्हापुरी तालमींतील मल्लांनी पाणी उतरणे व मेद उतरणे यांतील भेद अवश्य ध्यानी ठेवावा. सर्वांत मोठा धोका मात्र भेसळीचा आहे : हृदयास घातक ठरल्यामुळे भारतात 2011 साली बंदी घातलेले सिब्युट्रामीन ‘निव्वळ वनौषधी’ म्हणून विकल्या जाणाऱ्या कुप्यांत परदेशी तपासयंत्रणांना वारंवार सापडले आहे. हेच द्रव्य क्रीडास्पर्धांतही निषिद्ध असल्याने अजाणता ते घेतलेल्या मल्लाची कारकीर्दही धोक्यात येते.

कायदा : औषधे व चमत्कारी उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियम, 1954 याच्या अनुसूचीत स्थूलतेचा समावेश असल्यामुळे ती बरी करण्याचा दावा करणारी औषधाची जाहिरात मना आहे. आयुर्वेदीय औषधांस 1940 च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने अधिनियमान्वये परवाना लागतो. ग्रंथोक्त पाठानुसार केलेल्या कल्पांना मात्र नव्या चाचण्यांची अट नाही, त्यामुळे परवाना हा परिणामकारकतेचा पुरावा समजू नये. आहारपूरक म्हणून विकल्या जाणाऱ्या मालासाठी 2016 ची निराळी नियमावली आहे.

उपयोगाविषयी : गर्भवती व स्तनदा स्त्रिया, यकृताचे रुग्ण, आणि मधुमेह, रक्तदाब वा रक्त पातळ करणारी औषधे चालू असलेल्यांनी असे पूरक वैद्यकीय सल्ल्यावाचून घेऊ नये. डोळे पिवळे होणे, लघवी गडद होणे, अन्नावरची वासना उडणे यांपैकी कोणतेही लक्षण दिसताच पूरक तत्काळ थांबवून डॉक्टरांकडे जावे, आणि कुपी बरोबर न्यावी; कारण आपण घेतो ते ‘औषध’च नव्हे, अशा समजुतीने रुग्ण ही बाब बहुधा सांगत नाहीत, आणि निदानास त्यामुळे विलंब होतो.